वडापाशी बंद पडणारी गाडी

आमच्या गावाहून बेळगावला निघालं की सहा-साडेसहा किलोमीटरवर रस्त्याच्या डाव्या हाताला एक जुना वड लागतो. गेल्या पावसाळ्यात आमची गाडी त्या वडापाशी बंद पडायची. एकदा नाही, दोनदा नाही, सलग नऊ दिवस. घरातून निघताना दुसऱ्या किकला चालू व्हायची, झकास चालायची, आणि वड दिसायला लागला की आधी दोन झटके द्यायची, मग आवाज बारीक व्हायचा, मग गप्प. मी रेनकोटात किका मारत उभी. पंधरा-वीस मिनिटांनी जणू काही झालंच नाही अशी ती पुन्हा चालू व्हायची.

गावात ही गोष्ट पसरायला वेळ लागला नाही. शेजारच्या काकू आईला म्हणाल्या, "तिथं काय तरी हाय बघ. पोरीची जात गाडी चालवूलाली, ते सोसंना त्याला." आईनं विश्वास ठेवला असं नाही, पण एका संध्याकाळी ती गुपचूप नारळ घेऊन गेली आणि वडाच्या बुंध्याला फोडून आली. दुसऱ्या दिवशी गाडी वडापाशीच बंद पडली. तिथंच पडलेली नारळाची करवंटी बघत मी पंधरा मिनिटं उभी होते.

हे सगळं सांगायचं तर थोडं मागं जायला हवं.

गाडी बाबांची. २००६ सालची काळी स्प्लेंडर. बाबा उद्यमबागेत एका वर्कशॉपमध्ये टर्नर होते. सव्वीस वर्षं लेथवर उभं राहून काम केलेला माणूस. मशीनचा आवाज किंचित बदलला तरी ते हातातला चहा खाली ठेवायचे. गाडीचंही तसंच. मी लहान असताना मागं बसलेली असायचे, आणि ते मध्येच म्हणायचे, "ऐक. टॅपेट बोलतंय." मला काही ऐकू यायचं नाही.

दोन वर्षांपूर्वी गणपतीच्या आठवडाभर आधी बाबांना झटका आला. उजवा हात, उजवा पाय गेला, आणि बोलणं गेलं. डॉक्टरांनी 'वाचाघात' हा शब्द वापरला. मेंदूच्या डाव्या बाजूचा रक्तपुरवठा तुटला की शरीराची उजवी बाजू लुळी पडते, आणि बऱ्याच जणांची भाषाही तिथंच अडकते. डॉक्टर म्हणाले, त्यांना समजतंय, विचार चालू आहे, पण हवा तो शब्द हाताला लागत नाही. त्याच्या शेजारचा एखादा शब्द तोंडात येईल. तुम्ही तेवढं समजून घ्यायचं. आम्ही माना हलवल्या. बाबा पाण्याला 'चहा' म्हणायचे, चपलेला 'सायकल' म्हणायचे. सुरुवातीला आम्ही कोडं सोडवल्यासारखं सोडवायचो. नंतर नंतर घरातली कामं, औषधं, आईचं शेत, दादाची पुण्यातली नोकरी या सगळ्यात कोडी सोडवायला कुणाला सवड राहिली नाही. बाबा काही बोलले की आम्ही "होय होय" म्हणायला लागलो.

गाडी पडवीत चौदा महिने उभी होती. आमच्या गावाला सकाळी एकच बस. पाऊस जास्त झाला की तीही यायची नाही. मी बीएस्सीच्या दुसऱ्या वर्षाला आले आणि हजेरीचं गणित जमेना. पंचाहत्तर टक्के हजेरी नसेल तर परीक्षेला बसू देत नाहीत, हे आपल्या सगळ्यांना माहीत आहे. म्हणून एका रविवारी मी ठरवलं, गाडी चालू करायची.

पहिली दुरुस्ती मात्र मी खरंच चांगली केली. ती कशी केली हे सांगते, कारण आपल्यातल्या अनेकांच्या घरी अशी एखादी जुनी गाडी धूळ खात उभी असते. १ एप्रिल २०२० पासून बीएस-सहाचे नियम आले आणि नव्या मोटारसायकलींमध्ये बहुतेक करून कार्ब्युरेटरच्या जागी फ्युएल इंजेक्शन आलं. पण त्याआधीच्या लाखो गाड्या अजून रस्त्यावर आहेत, आणि त्यांचं सगळं दुखणं-खुपणं त्या मुठीएवढ्या भांड्यात असतं. निदान आपल्याला तसं वाटतं.

कार्ब्युरेटरचं काम सोपं आहे. टाकीतून पेट्रोल आपल्या वजनानं खाली येतं. खाली कार्ब्युरेटरला एक वाटी असते, तिच्यात एक फ्लोट तरंगत असतो. वाटी भरली की फ्लोट वर जातो आणि एका छोट्या सुईनं पेट्रोलचं तोंड बंद करतो. वाटी रिकामी होऊ लागली की तो खाली येतो आणि तोंड उघडतं. आपल्या संडासाच्या फ्लश टाकीतला गोळा करतो तेच काम. वर हवेचा मार्ग मध्ये अरुंद केलेला असतो. अरुंद जागेतून हवा जोरात जाते, तिथला दाब कमी होतो, आणि वाटीतलं पेट्रोल बारीक भोकांतून वर ओढलं जातं. भौतिकशास्त्राच्या तासाला फळ्यावर लिहिलेला बर्नोलीचा नियम आमच्या पडवीत चौदा महिने उभा होता, हे मला त्या दिवशी कळलं. ती बारीक भोकं म्हणजे जेट. पायलट जेट गाडी स्लो असताना पेट्रोल पुरवतो, मेन जेट जोरात पळताना. गाडी नुसत्या चोकवर चालते आणि चोक सोडला की मरते, तर पायलट जेट तपासा. स्लोवर छान चालते पण रेस केल्यावर दम तोडते, तर मेन जेटकडे बघा. खालच्या नळीतून पेट्रोल गळतंय, तर फ्लोटची सुई नीट बसत नाही किंवा तिच्याखाली कचरा अडकलाय.

बाबांची खाट पडवीतच असते. मी गाडी त्यांच्यासमोर अंगणाच्या कडेला, चुलीपासून लांब घेतली. टाकीतलं पेट्रोल एका डब्यात काढलं. त्याला पेट्रोलचा वास नव्हता, जुन्या व्हार्निशचा वास येत होता. डब्याच्या तळाशी पाण्याचा थर वेगळा दिसत होता. हल्ली पंपावरच्या पेट्रोलमध्ये इथेनॉल मिसळलेलं असतं, २० टक्क्यांपर्यंत. इथेनॉल पाणी ओढून घेतं, आणि पाणी फार झालं की ते इथेनॉलसकट वेगळं होऊन तळाला बसतं. आमच्याकडच्या पावसात चौदा महिने म्हणजे काय ते तुम्हीच समजा.

वाटी उघडली तर आत हिरवट-पिवळा चिकट थर. पायलट जेट पूर्ण बुजलेला. मी आईच्या डब्यातली शिवणाची सुई घेतली आणि जेटमध्ये घालणार, तेवढ्यात बाबा खाटेवरून ओरडले, "साप! साप!" मी दचकून खाली बघितलं. साप वगैरे काही नव्हतं. ते डाव्या हातानं माझ्या हातातल्या सुईकडे दाखवत होते. मग लक्षात आलं: जेटचं भोक मिलिमीटरपेक्षा कितीतरी लहान आणि मोजून-मापून पाडलेलं असतं. पितळ मऊ. पोलादी सुई घातली तर भोक मोठं होतं आणि जेट कायमचा बिघडतो. मी सुई खाली ठेवली. त्यांनी भिंतीवरच्या जुन्या वायरीकडे बोट केलं. त्या वायरीतली तांब्याची एक तार काढून मी जेट साफ केला, मग पंपानं हवा मारली, उजेडाकडे धरून बघितलं. भोकातून सूर्याचा टिपका दिसला. बाबांनी मान हलवली.

हे मी मुद्दाम सांगते आहे. त्या दिवशी 'साप' म्हणजे 'धोका' हे मला दोन सेकंदांत कळलं होतं.

सगळं जोडलं, नवं पेट्रोल घातलं, प्लग पुसला. सातव्या किकला गाडी चालू झाली. पडवीभर धूर झाला, आई बाहेर आली, बाबा अर्ध्या तोंडानं हसत होते. मी आनंदात होते. आणि त्या आनंदात मी आणखी एक काम केलं.

टाकीत इतकं पाणी आलं कुठून, हा प्रश्न माझ्या डोक्यात होता. पडवीचं छप्पर एका कोपऱ्यात गळतं. मी झाकण उलटं करून बघितलं तर खालच्या पत्र्याला एक बारीक भोक, आणि भोकाभोवती गंजाचा डाग. मला वाटलं, हेच ते. पत्रा सडून भोक पडलंय आणि इथूनच पाणी आत जातंय. घरात एम-सील होतं. दोन रंगांच्या गोळ्या मळल्या आणि भोक छान बुजवून टाकलं. वरून बोटानं गुळगुळीतसुद्धा केलं.

बाबा म्हणाले, "दार."

पाऊस सुरू झाला होता. आईनं उठून पडवीचं दार लावलं. बाबांनी मान हलवली, नाही. "दार. दार." आईनं दार उघडलं. पुन्हा नाही. ते चिडले की चेहरा लाल होतो, तसा झाला. आई म्हणाली, "दमलेत. झोपू दे त्यांना." मी झाकण लावून किल्ली फिरवली आणि हात धुवायला गेले.

सोमवारपासून गाडी वडापाशी बंद पडायला लागली.

मी काय काय केलं त्याची यादी लांब आहे. कार्ब्युरेटर पुन्हा उघडला, पुन्हा साफ केला. प्लग नवा घातला. एअर फिल्टर धुतला. फ्लोटची सुई बदलली. दर वेळी काम झालं की गाडी घरासमोर उत्तम चालायची, अर्धा तास उभी ठेवली तरी बंद पडायची नाही. मी म्हणायची, झालं बरं. आणि दुसऱ्या दिवशी वड.

बेळगावात एका गॅरेजमध्ये दाखवली. मिस्त्रींनी विचारलं, "थंड झाल्यावर चालू होत्या काय?" मी म्हटलं, होय. "मग कॉइल गरम होऊन करंट तुटतोय." कॉइल बदलली. वड. दुसऱ्या गॅरेजवाल्यानं दोन मिनिटं रेस करून बघितली आणि कानडीत सांगितलं, "अक्का, होसदु हाकबेक्रि." म्हणजे नवीनच घालावा लागेल. नव्या कार्ब्युरेटरचे दोन हजार दोनशे. माझ्याकडे तेवढे नव्हते म्हणून वाचले. त्या दोघांना मी दोष देत नाही. मी त्यांना 'गाडी बंद पडते' एवढंच सांगितलं होतं. झाकणाचं भोक बुजवलंय हे मी कुणालाच सांगितलं नाही, कारण माझ्या लेखी ती दुरुस्ती होती, बिघाड नव्हता.

एके दिवशी चुलते बरोबर होते. त्यांना वाटलं पेट्रोल कमी आहे, म्हणून पिरनवाडीजवळ पंपावर त्यांनी टाकी गळ्यापर्यंत भरली. गाडी दोन किलोमीटरसुद्धा गेली नाही. उद्यमबागेत भर गर्दीत बंद. काका म्हणाले, "वडावरचं मागनं आलं की गं!" आम्ही दोघं हसलो. खरं तर उत्तर तिथंच पडलं होतं, पण मला ते वाचता आलं नाही.

दहाव्या दिवशी आमची अंतर्गत प्रॅक्टिकल परीक्षा होती. सकाळी पाच वाजता उठून, वेळ हाताशी ठेवून निघाले. वडापाशी बंद, किणयेच्या पुढं बंद, पिरनवाडीला पुन्हा बंद. कॉलेजात पोचले तेव्हा बॅच संपून टेबलं आवरली जात होती. सरांनी नंतर दुसरी तारीख दिली, पण त्या क्षणी मला ते माहीत नव्हतं. मी भिजलेली, हाताला ग्रीस, वहीची पानं एकमेकांना चिकटलेली.

घरी आले. गाडी स्टँडला लावली. बाबांनी गाडीकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं आणि म्हणाले, "दार."

मी ओरडले. "काय दार दार लावलंय बाबा? उघडंच आहे की दार! दिसत नाही काय? सकाळपासून माझी काय हालत झाली, आणि तुमचं आपलं दार!"

बाबा काही बोलले नाहीत. डाव्या कुशीवर वळले आणि भिंतीकडे तोंड केलं. कूस बदलायला त्यांना किती वेळ लागतो हे मला माहीत आहे. तेवढा वेळ मी तिथंच उभी होते आणि मदत केली नाही. आई चुलीपाशी होती. तीही काही बोलली नाही. रात्री बाबा जेवले नाहीत.

झोप लागली नाही म्हणून मी अंधारात पडल्या पडल्या विचार करत होते, आणि पहिल्यांदाच नीट विचार केला. इतके दिवस मी दुरुस्त करत होते, तपासत नव्हते. पेट्रोल टाकीतून निघतं आणि इंजिनात जळतं. मध्ये पाच-सहा मुक्काम आहेत. ते नेमकं कुठल्या मुक्कामापर्यंत पोचतं, हे मी गाडी बंद पडल्यावर कधी बघितलंच नव्हतं. घरी आणून बघत होते. घरी आल्यावर तर सगळं ठीकच असायचं.

दुसऱ्या दिवशी एक स्क्रू ड्रायव्हर आणि एक रिकामी बाटली घेऊन निघाले. वडापाशी गाडी बंद पडली, तसा कार्ब्युरेटरच्या वाटीखालचा स्क्रू सैल केला. वाटी भरलेली असेल तर तिथून पेट्रोलची धार येते. पाच-सहा थेंब आले आणि संपले. म्हणजे वाटी रिकामी. ज्या कार्ब्युरेटरला मी तीनदा उघडलं, तो बिचारा उपाशी होता. मग कॉककडची नळी काढून तिचं तोंड बाटलीत धरलं. कॉक चालू, आणि तिथंही थेंब थेंब. पण टाकी हलवली तर आत डुचमळल्याचा आवाज. म्हणजे पेट्रोल आहे, पण खाली उतरत नाही. मला वाटलं, कॉकच्या वरची जाळी तुंबली असणार. आत किती पेट्रोल आहे ते बघावं म्हणून किल्ली लावून झाकण उघडलं.

फुस्स.

आवाज मोठा नव्हता. प्रेशर कुकरची शिटी काढताना शेवटी येतो तेवढाच, पण उलटा. हवा बाहेर येत नव्हती, आत जात होती. आणि त्याच क्षणी बाटलीत पेट्रोलची धार सुरू झाली. इतकी जोरात की बाटली कलली आणि पेट्रोल माझ्या पायावर सांडलं. मी कॉक बंद केला. झाकण उलटं केलं. मी गुळगुळीत केलेली एम-सीलची ती गोळी तिथं होती.

टाकीतून पेट्रोल खाली जायचं तर त्याची जागा घ्यायला वरून हवा आत यायला हवी. दुधाच्या डब्याला एकच भोक पाडलं तर दूध येत नाही, दुसरं पाडावं लागतं, हे आईला कुणी शिकवावं लागत नाही. झाकणातलं ते भोक सडून पडलेलं नव्हतं. ते कंपनीनं पाडलेलं होतं, श्वास घ्यायला. मी ते बंद केलं होतं. गाडी उभी राहिली की रबराच्या कडेनं हळूहळू हवा आत झिरपायची, म्हणून पंधरा-वीस मिनिटांनी ती चालू व्हायची. मिस्त्री झाकण उघडून पेट्रोल बघायचे, मी झाकण उघडून पेट्रोल घालायची. दर वेळी टाकी भरपूर हवा घेऊन मोकळी व्हायची आणि पुढची सहा किलोमीटर सुखाची जायची.

मी रस्त्याच्या कडेला बसले. झाकण मांडीवर. ते पत्र्याचं वर्तुळ, त्याला मुठीएवढं कुलूप. टाकीचं जे उघडतं आणि बंद होतं, ते.

दार.

त्यांनी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. मी गोळी लावत असतानाच. नंतर दहा दिवस सांगत होते. जो माणूस मशीनचा आवाज ऐकून दोष ओळखायचा, त्याला समोर घडलेली चूक दिसली नसेल? दिसली होती. फक्त 'झाकण' हा शब्द हाताला लागत नव्हता, तर त्यांनी शेजारचा उचलला. आणि खरं सांगायचं तर फार लांबचा उचलला नव्हता.

त्या दिवशीही कॉलेज बुडालं. मी गाडी वळवली. वाटेत एकदा थांबून झाकण उघडलं, हवा आत घेऊ दिली आणि घरी आले.

बाबा जागे होते. मी खाटेपाशी खाली बसले आणि झाकण त्यांच्या डाव्या हातात दिलं. त्यांनी अंगठ्याचं नख त्या गोळीवर फिरवलं. मी म्हटलं, "बाबा, दार." ते माझ्याकडे बघत राहिले. मी म्हटलं, "काल मी चुकले." मला आणखी बरंच बोलायचं होतं, पण मलाही शब्द सापडले नाहीत. त्यांनी झाकण माझ्या डोक्यावर हलकेच टेकवलं.

त्यांच्या जुन्या पत्र्याच्या पेटीत हातानं फिरवायचं बारीक ड्रिल होतं. झाकण साबणानं धुतलं, पुसलं. बाबांनी डाव्या हातानं ते पाटावर दाबून धरलं आणि मी ड्रिल फिरवलं. घाई केली की ते "साप" म्हणायचे. पांढरा चुरा निघत गेला आणि शेवटी ड्रिल मोकळं फिरलं. मी खालच्या बाजूनं फुंकर मारली. त्यांनी वर तळहात धरला होता. हवा लागली तशी त्यांनी मान हलवली.

नंतर मी वहीत हिशेबही मांडला. आमची टाकी साडेदहा लिटरची. अर्धी भरली तर आत पाच लिटर हवा. टाकीपासून कार्ब्युरेटरपर्यंत पेट्रोलची उंची एक वीत, वीस सेंटिमीटर धरू. तेवढ्या पेट्रोलचा दाब हवेच्या दाबाच्या जेमतेम दीड टक्का. म्हणजे टाकीतला दाब दीड टक्क्यानं उतरला की पेट्रोल वाहायचं थांबतं. पाच लिटरचा दीड टक्का म्हणजे ७५ मिलिलिटर. गाडी लिटरला साठ देते, तर ७५ मिलिलिटरमध्ये साडेचार किलोमीटर. त्यात टाकीतली पेट्रोलची वाफ आणि वाटीतलं आधीचं पेट्रोल धरलं की आकडा थोडा पुढं सरकतो. वड सहा-साडेसहावर आहे. आणि टाकी गळ्यापर्यंत भरली तर हवा उरते लिटरभर, म्हणून उद्यमबागेतच दम संपला. वडावरचं भूत इतकं साधं होतं.

यातून गाडीपुरतं मी जे शिकले ते असं. गाडी जिथं बंद पडते तिथंच तपासा, घरी आणून नाही. पेट्रोल कुठपर्यंत पोचतंय ते टाकीपासून एकेक पायरी बघत या. बंद पडल्यावर आधी झाकण उघडून बघा. पैसे लागत नाहीत. एका वेळी एकच गोष्ट बदला. आणि बिघाड सुरू व्हायच्या आधी तुम्ही शेवटचं काय केलंत ते स्वतःला विचारा, विशेषतः जे करताना स्वतःचं कौतुक वाटलं होतं ते.

घरापुरतं जे शिकले ते मांडणं अवघड आहे. आम्ही आता एक वही केली आहे. बाबांचा शब्द एका बाजूला, त्याचा अर्थ दुसऱ्या बाजूला. 'साप' म्हणजे धोका. 'घड्याळ' म्हणजे गोळ्या. 'सोमवार' म्हणजे दादा, कारण तो सोमवारी पुण्याला परत जातो. 'चहा' म्हणजे पाणी, पण कधी कधी चहासुद्धा. अर्थ बरोबर लागला की ते डोळे मिटून मान हलवतात. दादा फोनवर म्हणाला, "आधी का नाही केलं हे?" आई म्हणाली, "आधी आम्हाला वाटायचं, बोलणं गेलं म्हंजे सगळं गेलं."

गाडी आता वड ओलांडते. काकू अजून सगळ्यांना सांगतात की नारळाचा गुण आला, फक्त थोडा उशिरा आला. मी वाद घालत नाही.

गेल्या आठवड्यापासून बाबा संध्याकाळी मी आले की 'पाऊस' म्हणतात. बाहेर लख्ख असतं तरी म्हणतात. आधी वाटलं रेनकोट. मग वाटलं छपराचा गळका कोपरा. दोन्ही वेळा त्यांनी मान हलवली, नाही. वहीत 'पाऊस' लिहून समोरची जागा कोरी ठेवली आहे. रोज कॉलेजातून आल्यावर मी खाटेपाशी बसते आणि एकेक शब्द विचारून बघते.